वर्गणीची पावती व्हॉट्सॲपवर, शिक्का ब्लॉकचेनवर

कोकणातल्या गावाची मंडळं सहसा दोन असतात: एक गावात, दुसरं मुंबईत. देवळाचा जीर्णोद्धार असो, शिमग्याची पालखी असो की पाखाडीची डागडुजी, पैसा बराचसा मुंबईहून येतो, खर्च गावात होतो आणि वही एका वेळी एकाच कपाटात राहते. मग मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सभेत पहिला विषय ठरलेला: मागच्या साली सभामंडपाला नक्की किती गेले? वहीत खाडाखोड दिसली की पुढचे दोन तास त्यातच जातात.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी असलेली सामाईक वही, तिच्यात लिहिलेलं नंतर खोडता येत नाही. ती कुठे कामाला येते याचं याहून सरळ उदाहरण नाही. पक्ष दोन, हिशेब एक, आणि वही दुसऱ्याच्या ताब्यात सोडायला कुणीच राजी नाही. पण गावातल्या तीनशे घरांना ‘वॉलेट उघडा’ (वॉलेट म्हणजे ब्लॉकचेनवरच्या खात्याची गुप्त किल्ली सांभाळणारं ॲप) म्हणून सांगायला गेलात तर काम तिथेच संपलं. ज्यांना थोडंफार पायथन किंवा जावास्क्रिप्ट येतं, पण ब्लॉकचेनला कधी हात लावलेला नाही, त्यांनी आपल्या मंडळासाठी पावती व्हॉट्सॲपवर आणि शिक्का ब्लॉकचेनवर ही सोय कशी उभी करावी, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी हद्द आखून घ्या

पैसे ब्लॉकचेनवर न्यायचे नाहीत. वर्गणी रुपयांतच येईल, यूपीआयने किंवा रोख, आणि मंडळाच्या बँक खात्यातच जाईल. गावाचं नाणं, टोकन असलं काही काढू नका. भारतात आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, आणि व्हॉट्सॲपच्या व्यापारी धोरणात आभासी चलनाच्या विक्रीला मनाई आहे. या तिन्ही भानगडी सभासदाच्या दारात नेऊन ठेवायचं काहीच कारण नाही.

साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, जाईल तो दिवसभराच्या पावत्यांचा ठसा (हॅश), मजकुरावरून काढलेला ३२ बाइटांचा एक आकडा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. त्यावरून एवढंच सिद्ध होतं की ही नोंद त्या दिवशी अशीच होती, नंतर कुणी फिरवली नाही. नोंद मुळात खरी होती का, हे त्यातून कळत नाही. घेताना ५०० घेतले आणि लिहिताना २०० लिहिले, तर साखळी ते २०० इमानाने जपून ठेवील. त्यावर उपाय एकच: नोंद झाली त्याच क्षणी देणाऱ्याच्या फोनवर रक्कम गेली पाहिजे आणि ‘चूक आहे’ म्हणायची सोय त्याच्या अंगठ्याखाली पाहिजे. म्हणून या कामात व्हॉट्सॲपचा संदेश हा वरचा मुलामा नाही. अर्धा विश्वास तिथेच तयार होतो, आणि कामाचा अर्धा वेळही तिथेच घालवायचा आहे.

कायद्याची बाजूही पाहून ठेवा. उत्सवासाठी वर्गणी काढायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि नोंदणीकृत मंडळाला लेखापरीक्षण चुकत नाही. साखळीवरचा शिक्का त्यांची जागा घेत नाही.

व्हॉट्सॲप की टेलिग्राम

गावात जे आधीच वापरात आहे तेच घ्या. बहुतेक ठिकाणी ते व्हॉट्सॲप आहे, कारण मुंबईतल्या नातवाचा फोटो त्यावरच येतो.

व्हॉट्सॲपला बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, जोडायचा अधिकृत मार्ग म्हणजे मेटाचा क्लाउड एपीआय. नेहमीच्या व्हॉट्सॲपला आडवाटेने हाकणाऱ्या फुकट लायब्ररी मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नंबर बंद होतो, आणि तो ऐन शिमग्यात बंद झाला तर मंडळाच्या अध्यक्षांना तोंड द्यावं लागतं. मंडळाच्या नावाने वेगळं सिम घ्या. खजिनदाराचा रोजचा नंबर यात गुंतवू नका.

गावाचा जो ग्रुप चालू आहे त्यात हा बॉट बसवायच्या फंदात पडू नका. ग्रुपवर एक दुवा टाका. तो दाबला की बॉटशी गप्पांची खिडकी उघडते आणि ‘नमस्कार’ आधीच लिहिलेलं असतं, माणसाने फक्त पाठवायचं. ही सुरुवात त्याच्याकडून होणं महत्त्वाचं आहे. त्याच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास तुम्ही मोकळेपणी उत्तर देऊ शकता. त्यानंतर मेटाने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूरच जातो आणि त्याचे पैसे पडतात. शिवाय नव्या खात्याला २४ तासांत २५० जणांनाच आपणहून संदेश पाठवता येतो.

टेलिग्रामवर सुरुवात फार सोपी आहे. बॉटफादर नावाच्या खात्याला सांगितलं की दोन मिनिटांत बॉट तयार होतो, खर्च नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बॉटशी झालेल्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. आणि २०२५ पासून टेलिग्रामच्या आत चालणाऱ्या मिनी ॲपना ब्लॉकचेन वापरायची तर टॉन हीच साखळी आणि वॉलेटसाठी टॉन कनेक्ट वापरावं लागतं. पुढे सांगितलेली पॉलिगॉन या दुसऱ्या साखळीची पद्धत तिथे जशीच्या तशी नेऊ नका.

संवाद आधी कागदावर लिहा

संगणक उघडण्याआधी बॉटचं प्रत्येक वाक्य कागदावर लिहून काढा. पहिल्या खेपेला हमखास असं काहीतरी लिहिलं जातं:

‘आपला व्यवहार यशस्वीरीत्या ब्लॉकचेनवर नोंदवण्यात आला आहे. ट्रान्झॅक्शन हॅश खालीलप्रमाणे.’

आणि त्याखाली ६६ अक्षरांची रांग. हे वाचून खालच्या आळीतली आजी फोन नातवाकडे देईल, आणि नातू म्हणेल, फ्रॉड असेल, ब्लॉक कर. त्याऐवजी:

‘वर्गणी मिळाली.
घर: मधलीवाडी, १४
रक्कम: ₹५०० (पाचशे), रोख
कशासाठी: शिमगा
पावती क्र. २१७
आकडा चुकला असेल तर खाली दाबा. शिक्का उद्या सकाळपर्यंत बसेल.’

खाली तीन बटणं: ‘बरोबर आहे’, ‘चूक आहे’, ‘माणसाशी बोला’. एका संदेशात तीनपेक्षा जास्त बटणं येतच नाहीत, आणि तिसरं बटण कधीही काढू नका. ते दाबल्यावर खजिनदाराच्या फोनवर निरोप गेला पाहिजे. रक्कम अक्षरी लिहायचं कारण उघड आहे: एक शून्य जास्त पडलेलं डोळ्याला पटकन दिसत नाही, ‘पाच हजार’ मात्र लगेच खुपतं.

सभासदाच्या नजरेला चारच शब्द पडू द्या: पावती, शिक्का, जुळते, जुळत नाही. हॅश, गॅस, नोड, वॉलेट हे शब्द तुमच्या वहीत राहू देत. पावतीच्या अवस्था तीन: लिहिली, दोघांनी (देणाऱ्याने आणि खजिनदाराने) पाहिली, शिक्का बसला. एक टिक, दोन टिक, निळी टिक यांचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो, त्यामुळे तीन पायऱ्या समजवायला त्रास पडत नाही. पण तीच चिन्हं पावतीसाठी उसनी घेऊ नका. संदेश पोहोचला आणि पैसे पोहोचले यांत गोंधळ होतो.

बटणावरच्या मजकुराला २० अक्षरांची मर्यादा आहे, आणि यंत्र काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण असं सगळं वेगळं मोजतं. ‘मागची पावती पुन्हा पाठवा’ डोळ्याला छोटं दिसतं, पण मोजलं तर ते २४ भरतं आणि संदेश परत येतो. ‘माझी पावती तपासा’ हे १६ मध्ये बसतं. यादीचा पर्याय वापरलात तर ओळी जास्तीत जास्त १० आणि प्रत्येक शीर्षक २४ अक्षरांचं. वाड्यांची नावं त्यात मावतात का, आधीच मोजून बघा.

लोक आकडा कसा लिहितील याचा नेम नाही. ‘५००’, ‘500’, ‘५००/-’, ‘पाचशे’, ‘रु ५००’, आणि पुष्कळदा नुसता आवाजाचा निरोप. पायथन देवनागरी आकडा थेट ओळखतं. जावास्क्रिप्ट ओळखत नाही, ‘५००’ला ‘आकडा नाही’ म्हणतं. तेव्हा आलेल्या मजकुरातले देवनागरी अंक आधी बदलून घ्या आणि मगच पुढे चला. आवाजाचा निरोप आला तर गप्प राहू नका. ‘आवाज ऐकता येत नाही, आकडा लिहून पाठवा किंवा माणसाशी बोला’ एवढं उत्तर पुरे. सगळी बोली समजून घेणारा बॉट करण्याच्या नादी लागू नका. बटणं आणि आकडे यांवरच भागवा.

व्हॉट्सॲपची जोडणी

१. मेटाच्या डेव्हलपर पानावर खातं काढा, नवं ॲप बनवा, त्यात व्हॉट्सॲप जोडा. सरावासाठी एक नंबर मिळतो, त्यावरून ५ फोनना संदेश पाठवता येतात. सोबत मिळणारं टोकन (एपीआय वापरायची परवानगीची किल्ली) २४ तासांनी मरतं. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. सराव संपला की सिस्टिम युजर बनवून कायमचं टोकन काढून घ्या.

२. तुमच्या सर्व्हरचा एक सुरक्षित पत्ता द्या, ज्यावर संदेश येऊन पडतील. त्याला वेबहुक म्हणतात. जोडताना मेटा एक परवलीचा शब्द आणि एक चॅलेंज पाठवतं. शब्द जुळला तर चॅलेंज जसंच्या तसं परत करायचं. त्याला अवतरणचिन्हं लावलीत किंवा वेगळ्या साच्यात गुंडाळलंत तर जोडणी नाकारली जाते.

३. येणाऱ्या प्रत्येक संदेशासोबत मेटाची सही असते. ती ॲपच्या गुप्त किल्लीने, एसएचए-२५६ वापरून पडताळा, आणि संदेशाचे कच्चे बाइट घेऊनच पडताळा. मजकूर उलगडून पुन्हा बांधला की बाइट बदलतात. इंग्रजी मजकुरावर कदाचित निभावेल, पण मराठी अक्षरं सांकेतिक रूपात आलेली असल्याने सही जुळत नाही, आणि मग कंटाळून पडताळणीच काढून टाकली जाते. ती काढलीत तर पत्ता माहीत असलेला कुणीही तुमच्या बॉटला खोट्या वर्गण्या सांगेल.

४. संदेश मिळाल्यावर लगेच २०० हा एचटीटीपी होकार द्या आणि बाकीचं काम मागाहून करा. होकाराला उशीर झाला की मेटा तोच संदेश पुन्हा पाठवतं. प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक असतो, तो साठवा आणि दुसऱ्यांदा दिसला तर सोडून द्या. हे विसरलात तर एका वर्गणीच्या दोन पावत्या फाटतात.

पावतीत काय, साखळीवर काय

पावतीची माहिती तुमच्या डेटाबेसमध्ये राहील: क्रमांक, तारीख, घर, रक्कम, कारण, रोख की यूपीआय. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५००००. दशांशाच्या फेरात सापडू नका. ओळख फोन नंबरावर नको, घरावर हवी. एका फोनवर तीन घरांचे संदेश येतात, आणि नाव-आडनाव सारखं असलेली माणसं एका वाडीत चार निघतात. म्हणून वाडी आणि घर क्रमांक. वर्गणी उंबऱ्यामागेच असते, तेव्हा गावाच्या रीतीलाही ते धरून आहे.

साखळीवर नाव, नंबर, घर यांतलं काहीही टाकू नका. तिथे गेलेलं पुसता येत नाही, आणि २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क दिला आहे. ‘नंबर नाही, नंबराचा हॅश टाकतो’ हेही चालत नाही. भारतीय मोबाइल नंबर १० आकडी असतो आणि ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. साधा संगणक तेवढे हॅश थोड्या वेळात काढून मूळ नंबर उघड करतो. म्हणून प्रत्येक पावतीत १६ बाइटांचं यादृच्छिक मीठ (सॉल्ट, म्हणजे हॅश काढताना मिसळायचा, अंदाज न येणारा आकडा) घाला आणि ते पावतीसोबत सभासदाला द्या, साखळीवर नको. एखाद्याची माहिती काढून टाकायची वेळ आली तर पावती आणि तुमच्याकडचं मीठ पुसलं की साखळीवरचा ठसा निरर्थक होतो.

आता मराठीत काम करणाऱ्यांनाच भोवणारी एक गोष्ट. ‘गाऱ्हाणं’ हा शब्द दोन तऱ्हेने टंकित होतो. एका कीबोर्डवर त्यातला ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यावर साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘गाऱ्हाणं’ आणि ‘गार्‍हाणं’ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरण, म्हणजे एनएफसी, हा फरक मिटवत नाही. ‘ॲ’ची गत तीच: एक अक्षर म्हणून येतो, नाहीतर अ, अदृश्य चिन्ह आणि चंद्र असा तुकड्यांनी येतो. परिणाम असा की खजिनदाराने पावती दुसऱ्या फोनवर पुन्हा लिहून तपासली की ‘जुळत नाही’ येतं, आणि गावात बोभाटा होतो की हिशेबात घोळ आहे.

उपाय दोन, दोन्ही करा. कारण मोकळ्या शब्दांत घेऊ नका, सांकेतिक आकडा द्या: १ शिमगा, २ जीर्णोद्धार, ३ पाखाडी, ४ गाऱ्हाण्याचा खर्च. आणि जिथे मजकूर घ्यावाच लागतो, तिथे हॅश काढण्याआधी अदृश्य चिन्हाचा र बदलून पाय मोडलेला ऱ करा, तुकड्यांचा ॲ एकसंध करा, मग एनएफसी लावा, दोन शब्दांतली जादा जागा काढा. हा नियम एकाच ठिकाणी लिहा. नोंद करणारा आणि तपासणारा, दोघांनी तोच वापरायचा.

रकाने एकापुढे एक नुसते चिकटवूनही हॅश काढू नका. घर १२, पावती ३ आणि घर १, पावती २३ हे चिकटवल्यावर सारखेच दिसतात. सॉलिडिटी या साखळीवरचे प्रोग्राम लिहायच्या भाषेच्या एबीआय पद्धतीत प्रत्येक रकाना ठरावीक जागेत बसतो, ती वापरा.

दिवसाचा शिक्का

प्रत्येक पावती वेगळी साखळीवर टाकली तर खर्च वाढतो आणि कोणत्या वेळी किती पावत्या फाटल्या हेही जगाला दिसतं. त्याऐवजी मर्कल झाड. समजा दिवसात ८ पावत्या झाल्या. त्यांचे ८ हॅश. दोन-दोनाची जोडी लावून ४, मग २, मग १. तो शेवटचा एक म्हणजे मूळ, आणि तेवढंच साखळीवर जातं. एखादी पावती त्यात होती हे दाखवायला वाटेतले ३ हॅश पुरतात, ३०० पावत्या असल्या तर ९. ओपनझेपलिनची मर्कल झाडाची लायब्ररी तयार आहे. ती पानांचा, म्हणजे झाडाच्या टोकाच्या पावत्यांचा, हॅश दोनदा काढते, त्यामुळे मधल्या गाठीला कुणी पावती म्हणून खपवू शकत नाही. स्वतः लिहायला जाऊ नका.

साखळी म्हणून पॉलिगॉन पुरे. सराव अमोय या टेस्टनेटवर (सरावाच्या जाळ्यावर) करा, साखळी क्रमांक ८०००२. खरं जाळं १३७. जुन्या मार्गदर्शकांत टेस्टनेटचं नाव ‘मुंबई’ दिसेल. ते एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, त्याच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नका. तसंच पॉलिगॉनवर शुल्क भरायचं मॅटिक हे नाणं सप्टेंबर २०२४ पासून पोल झालं.

करारात, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट), चारच नियम ठेवा. शिक्का मारणारे पत्ते (साखळीवरची खाती) दोन, एक गावच्या मंडळाचा, एक मुंबईच्या. दोघांनी एका दिवसासाठी एकच मूळ पाठवलं तरच तो दिवस पक्का. एकदा टाकलेलं मूळ बदलता येणार नाही. आणि तिसरा एक राखीव पत्ता, ज्याच्यासह तिघांपैकी दोघे मिळून हरवलेली किल्ली बदलू शकतील. हा चौथा नियम नवखे सोडून देतात, मग फोन खाडीत पडला की सगळा करार कायमचा कुलूपबंद होतो.

चूक दुरुस्त करायची ती जुन्या वहीच्या शिस्तीने: खोडायचं नाही, उलट नोंद घालायची. ‘पावती २१७ रद्द, तिच्याऐवजी २३१.’

एका शिक्क्याला सुमारे ५०,००० गॅस (साखळीवरच्या कामाचं माप) लागतो. दर ३० ग्वेई (ग्वेई म्हणजे पोलचा अब्जावा भाग) धरला तर ०.००१५ पोल. दोघांचे मिळून वर्षभराचे ७३० शिक्के साधारण १.१ पोलमध्ये होतात. गर्दीच्या वेळी दर चढतो, म्हणून प्रत्येक पत्त्यावर ५ पोल ठेवा. शिल्लक १ खाली गेली की खजिनदाराला निरोप जाईल असं करून ठेवा. शिक्के अचानक थांबतात ते बहुधा याच कारणाने.

दोन्ही किल्ल्या एकाच सर्व्हरवर ठेवल्यात तर सगळी मेहनत फुकट. सर्व्हर सांभाळणारा एकटाच दोन मंडळं होऊन बसतो, म्हणजे कुंपणानेच शेत खायची सोय. वॉलेट फक्त दोघांकडे, फार तर तिघांकडे लागतं. मुंबईच्या खजिनदाराला रोज रात्री निरोप जाईल: ‘आज ४२ पावत्या, एकूण ₹२१,०००.’ त्याने आपल्या संगणकावर यादी उतरवायची, छोट्या प्रोग्रामने मूळ स्वतः काढायचं आणि आपल्या किल्लीने पाठवायचं. किल्ली परत मिळवून देणारे वॉलेटचे १२ शब्द कागदावर लिहा, पाकिटात घालून लाखेने बंद करा, मंडळाच्या लॉकरमध्ये ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढू नका, आणि बॉटच्या गप्पांत तर कधीच लिहू नका.

दिवस कुठे बदलतो ते आधीच ठरवा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. पालखी रात्री दोन वाजता सहाणेवर आली, तिथे पावती फाटली, तर सर्व्हरच्या लेखी ती आदल्या दिवसाची. गावच्या यादीत एक दिवस, मुंबईच्या यादीत दुसरा, आणि मूळ जुळत नाही. तारीख नेहमी भारतीय वेळेने काढा. शिमग्यात तर दिवस मध्यरात्रीऐवजी पहाटे पाचला बदलतो असा नियम दोन्हीकडे घातला तर लोकांच्या हिशेबाशीही जुळतं.

एखादा शिक्का कमी दरामुळे अडकला की त्याच्या मागचे सगळे रांगेत थांबतात, कारण प्रत्येक पत्त्याचे व्यवहार अनुक्रमांकानेच जातात. नवा क्रमांक घेऊन पुन्हा पाठवत बसू नका. तोच क्रमांक ठेवून दर किमान १० टक्के वाढवून पाठवा. साखळीने स्वीकारल्यावरही काही मिनिटं थांबून मगच ‘शिक्का बसला’ सांगा.

पावती तपासणं

सभासद ‘माझी पावती तपासा’ दाबतो आणि बॉट ‘जुळते’ म्हणतो. पण बॉट तुमचाच, सर्व्हरही तुमचाच. ज्याला शंका आहे त्याला स्वतंत्रपणे बघता आलं पाहिजे. म्हणून पावतीसोबत एक छोटी फाइल द्या: नोंदीचे रकाने, मीठ आणि वाटेतले हॅश. आणि एक साधं वेबपान करा, जे ही फाइल घेऊन फोनवरच हिशेब करतं आणि मूळ थेट साखळीवरून वाचतं, तुमच्या सर्व्हरला विचारत नाही. त्या पानाचा सगळा मजकूर खुला ठेवा, म्हणजे मंडळातला एखादा शिकलेला पोरगा स्वतः वाचून खात्री करू शकेल. शंभरातले पाचच जण हे वापरतील, पण त्या पाचांचं बोलणं सभेत ऐकलं जातं.

रेंज, बनावट नंबर आणि बाकीच्या अडचणी

पावतीपुस्तक बंद करू नका. पावसात वीज जाते, डोंगराआडच्या वाडीत रेंज नसते, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचीही वर्गणी असते. कागदावर फाडलेली पावती रेंज आल्यावर ‘पुस्तक ३, पावती ४१’ अशी नोंदवायची. तारीख फाडल्याची वेगळी, नोंदीची वेगळी, दोन्ही ठेवा.

यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, तो बनवता येतो. बॉटने १२ आकडी संदर्भ क्रमांक मागावा, खजिनदाराने तो बँकेच्या उताऱ्यात पाहावा, आणि तोवर पावती ‘लिहिली’ याच अवस्थेत राहावी.

तोच फोटो, तेच नाव लावून बनावट नंबर उभा करणं सोपं आहे. मंडळाचा खरा नंबर देवळाच्या फलकावर रंगवून घ्या, पावतीपुस्तकावर छापा. पहिल्याच संदेशात सांगा: ‘हा नंबर कधीही पिन किंवा ओटीपी विचारणार नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.’

पाच जणांवर सराव

सरावाच्या नंबरावर ५ फोन चालतात, आणि तेवढे पुरेही आहेत, पण माणसं नीट निवडा: साठीच्या पुढची एक बाई, एका फोनवर दोन घरं चालवणारा एक, मुंबईतला एक, खजिनदार, आणि ज्याचा या सगळ्यावर विश्वास नाही असा एक. शेजारी बसा, सांगू नका काही, फक्त अंगठा कुठे थबकतो ते बघा. जिथे थबकला ते वाक्य बदला. मग मुद्दाम चुका करा: ५०० ऐवजी ५००० नोंदवा, एकच संदेश दोनदा पाठवा, मुंबईच्या यादीतून एक पावती काढून मूळ काढा आणि करार तो दिवस पक्का करत नाही ना ते पाहा. राखीव किल्लीने हरवलेली किल्ली बदलण्याची तालीमही टेस्टनेटवरच करून घ्या.

हे सगळं गणपतीनंतर सुरू केलंत तर शिमग्यापर्यंत सावकाश वेळ मिळतो. सुरुवात एकाच वाडीपासून करा, आणि पहिला महिना जुनी वही सोबत चालू ठेवा. वर्ष संपलं की पूर्ण यादी, मीठ आणि झाडं यांच्या दोन पेन ड्राइव्ह करा, एक गावच्या कपाटात, एक मुंबईच्या. सर्व्हर बंद पडला, मंडळ बदललं, बॉट कुणी चालवेनासं झालं, तरी त्या दोन पेन ड्राइव्ह आणि साखळीवरचे शिक्के यांवरून प्रत्येक पावती तपासता येते.